दाखवायची की पांघरायची?

गोधडीवरची कुठलीही मराठी कविता वाचायला घ्या. चार-पाच ओळींत ‘ऊब’ येते. तिच्यामागून आजी येते, आजीचं लुगडं येतं, आजोबांचं धोतर येतं, बापाचा सदरा येतो. शेवटी कवी शहरातल्या महागड्या ब्लँकेटमध्ये कुडकुडत पडलेला असतो. इन्स्टाग्रामवरच्या रील्सही याच क्रमानं जातात, फक्त मागं बासरी वाजते. यातलं खोटं काहीच नाही. आजी असते, लुगडं असतं, ऊबही असते. पण मी वाचलेल्या या लेखनात एक साधी गोष्ट फार क्वचित सापडते. गोधडी फाटते, आणि फाटल्यावर कुणीतरी सुई घेऊन बसतं.

कवितेतली गोधडी कायम पूर्ण झालेली असते. तिला थर असतात, रंग असतात, आठवणी असतात. तिला भोक नसतं. म्हणून ती दुरुस्त करायची वेळ आली की ही सगळी कविता कामाला येत नाही. काय ठेवायचं, काय झाकायचं, कोणतं कापड लावायचं आणि हे काम कुणी करायचं, यातल्या एकाही प्रश्नाला ‘ऊब’ हा शब्द उत्तर देत नाही.

हे प्रश्न मला घरात भेटले. आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं बाजाराचं गाव. तिथं आमच्या घरी एक गोधडी आहे. आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, माझ्या जन्माच्या आधी दिलेली. मी तिच्यावर रांगले, तिच्यात ताप काढले, तिच्यावर पालथी पडून दहावीचा अभ्यास केला. बारावीनंतर पुण्याला जाताना सामानात नवं ब्लँकेट गेलं आणि गोधडी घरी राहिली. आता ती पायाकडच्या बाजूनं विरली आहे. वरचं हिरवं लुगडं घडीघडीवर फाटलं आहे. एका भोकातून त्याखालचा जांभळा काठ दिसतो, दुसऱ्यातून धोतराचा पिवळट पांढरा रंग.

आईचं म्हणणं सरळ होतं. दोन्ही अंगांनी नवं कापड घालायचं आणि आरपार टाके मारायचे. माझं म्हणणं वेगळं होतं. जिथं भोक आहे तिथंच ठिगळ लावायचं, आजीचं हिरवं लुगडं दिसत राहू द्यायचं, आणि मग ती मी पुण्याला नेईन, खोलीतल्या भिंतीवर लावीन. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला ही दाखवायची हाय का पांघरायची?”

हा प्रश्न साहित्यात आधीच विचारला गेलेला आहे. ॲलिस वॉकर या अमेरिकी लेखिकेची ‘एव्हरीडे यूज’ नावाची कथा १९७३ साली आली. कथा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गरीब काळ्या कुटुंबाची आहे आणि ती आई सांगते. ही आई धिप्पाड आहे, शेतात राबणारी आहे, शाळा फार शिकलेली नाही. तिला दोन मुली. थोरली डी, हुशार, देखणी, कॉलेजात शिकायला गेलेली. धाकटी मॅगी, घराला लागलेल्या आगीत भाजलेली, भिंतीच्या कडेनं चालणारी. डी पाहुणी म्हणून घरी येते तेव्हा तिनं आपलं नाव बदललेलं असतं, ती आता वांगेरो असते. ती घराचे फोटो काढते. लोणी घुसळायच्या भांड्याचं झाकण आणि रवी मागून घेते, टेबलावर शोभेला ठेवण्यासाठी. मग पेटीतून दोन गोधड्या बाहेर काढते आणि म्हणते, या मला हव्यात.

त्या गोधड्यांत आजीच्या कपड्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे आहेत. काड्यापेटीएवढा एक निळा तुकडा पणजोबांच्या गणवेशाचा आहे, अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्यांनी घातलेल्या. आई डीला दुसऱ्या गोधड्या देऊ करते. डीला त्या नको असतात, कारण त्यांच्या कडांना मशीनची शिलाई आहे. तिला हातानं शिवलेल्याच हव्या आहेत, भिंतीवर टांगायला. पण या दोन गोधड्या मॅगीला लग्नात द्यायचं ठरलेलं असतं. डी चिडते. मॅगी या रोज वापरेल, पाच वर्षांत त्यांच्या चिंध्या होतील, असं तिचं म्हणणं. मॅगी मात्र म्हणते, घेऊ दे तिला, आजी मला गोधडीशिवायही आठवते. त्या क्षणी आईच्या आत काहीतरी हलतं. ती डीच्या हातातून गोधड्या ओढून घेते आणि मॅगीच्या मांडीवर टाकते. जाताजाता डी दोघींना सुनावते की तुम्हाला तुमचा वारसाच कळत नाही.

या कथेचं नेहमीचं वाचन डीच्या विरोधात जातं. डी शहरी, दिखाऊ, वारशाचं प्रदर्शन मांडणारी. मॅगी साधी, खरी. असं वाचायला सोपं आहे आणि वाचणाऱ्याला बरंही वाटतं, कारण आपण आपोआप मॅगीच्या बाजूला जाऊन बसतो. पण ही कथा वाचणारे बहुतेक जण डीसारखेच असतात. गाव सोडून शिकायला गेलेले, परत आल्यावर घराचे फोटो काढणारे. डीनंही कॉलेजला जाताना गोधडी नाकारलेली असते, जुनाट वाटते म्हणून. मी तिला हसू शकत नाही.

शिवाय डीचा एक मुद्दा अगदी बरोबर आहे. गोधडी वापरली की फाटते. मॅगीबद्दल कितीही माया वाटली तरी सुती कापडाला ती माया कळत नाही. म्हणून मला या कथेत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आईनं डीच्या या मुद्द्याला दिलेलं उत्तर. ती गोधडीच्या पवित्रपणाबद्दल काही बोलत नाही, पूर्वजांबद्दलही नाही. तिचं उत्तर एवढंच आहे की चिंध्या झाल्या तर मॅगी आणखी शिवेल, तिला शिवता येतं. मॅगीला ते आजीनं आणि मावशीनं शिकवलेलं असतं.

या उत्तरानं भांडणाचा विषयच बदलतो. डीच्या लेखी वारसा म्हणजे त्या दोन गोधड्या. आईच्या लेखी तो मॅगीच्या हातात आहे. गोधड्या डीनं नेल्या असत्या तरी मॅगीकडचं काही कमी झालं नसतं, आणि मॅगीला हे स्वतःलाही माहीत आहे. म्हणूनच ती द्यायला तयार होते. तिचं ते बोलणं बहुतेकदा त्याग म्हणून वाचलं जातं. मला ते जिला काम येतं अशा बाईच्या खात्रीचं बोलणं वाटतं.

पण इथं एक जागा रिकामी राहते. वॉकरच्या कथेत दोनच शक्यता समोर आहेत, जुनी टांगा किंवा जुनी वापरून संपवा आणि नवी शिवा. तिसरी शक्यता बाळापूरच्या आमच्या ओसरीवर होती.

आमच्या घरची रीत अशी आहे. गोधडी फाटली की ती उसवत नाहीत. उन्हाळ्यात, शेतातली कामं थोडी हलकी झाली की, ओसरी झाडून घेतात. खाली एक लुगडं अंथरतात, त्यावर जुनी गोधडी ठेवतात, मध्ये जिथं पातळ झालं असेल तिथं धडुत्यांचे तुकडे पसरतात, वरून दुसरं लुगडं घालतात. चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग काठापासून धावदोरा सुरू होतो आणि ओळीमागून ओळ आत सरकत मध्यावर येतो. दोघी असल्या तर दोन बाजूंनी बसतात. टाक्यांमधलं अंतर बोटाच्या हिशेबानं धरतात. टाके लांब पडले तर आतली धडुती सरकून गोळा होतात. फार जवळ पडले तर गोधडी ताठ होते, अंगाला लपेटत नाही. अशी दुरुस्त झालेली जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. ती दिसत नाही, पण तिचा जाडपणा अंगावर जाणवतो.

माझा आक्षेप याच ‘दिसत नाही’ला होता. मग आम्ही एका कोपऱ्यातले टाके थोडे उसवून आत काय शिल्लक आहे ते पाहिलं. हिरव्या लुगड्याखाली धोतर होतं, धोतराखाली जांभळ्या काठाचं लुगडं. त्या जांभळ्या लुगड्यावर टाक्यांची आणखी एक पूर्ण रांग होती. वरच्या टाक्यांशी तिचा काही संबंध नव्हता. वरचा दोरा बाजारातल्या रिळाचा, खालचा जाड, हातानं पीळ दिलेला. वरचे टाके आजीचे, बारीक आणि एकसारखे. खालचे लांब, उजवीकडं किंचित कललेले. आईनं बोट फिरवलं आणि म्हणाली, “हे तुझ्या आजीचं नाही. हे तिच्या सासूचं असंल.”

म्हणजे मी जिला आजीची अस्सल गोधडी म्हणत होते, ती एक दुरुस्ती होती. आजीनं आपल्या सासूची फाटकी वाकळ घेतली होती, तिच्यावर आपलं लुगडं घातलं होतं आणि आरपार टाके मारले होते. आई जे करू म्हणत होती तेच आजीनं केलं होतं. सासूचे टाके झाकताना तिनं काय विचार केला असेल हे सांगता येणार नाही. पण तिनं ते उसवून टाकले नाहीत, एवढं मात्र समोर दिसत होतं. झाकल्यामुळंच ते शिल्लक राहिले.

संग्रहालयातल्या जतनाचं शास्त्र नेमकं उलट दिशेनं जातं, आणि तेही मनापासून समजून घेण्यासारखं आहे. तिथं वस्तूला कमीत कमी हात लावायचा, जे कराल ते पुन्हा काढता आलं पाहिजे. विरलेल्या कापडावर अगदी पारदर्शक, जाळीसारखं रेशीम किंवा नायलॉन घालून त्याला बारीक टाक्यांनी आधार देतात. घडी मोडून विरू नये म्हणून कापड गुंडाळून ठेवतात. उजेडानं रंग उडतो, धागा कमजोर होतो, म्हणून प्रकाश साधारण ५० लक्सवर ठेवतात. आपल्या घरातल्या ट्यूबलाइटखाली त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. या सगळ्यात वस्तू आहे तशी राहते. फक्त तिच्याखाली पुन्हा कुणी झोपत नाही. आणि जिच्याखाली कुणी झोपत नाही, तिच्यावर पुढची सून आपलं लुगडं घालत नाही. संग्रहालय गोधडीला वाचवतं आणि तिथंच तिची वाढ थांबवतं.

थांबवणं नेहमी वाईटच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, नदीच्या वळणात अडकलेली. तिथल्या काळ्या शेतकरी कुटुंबांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्येही. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. भिंतीवर गेल्यामुळं त्या बायकांची नावं जगाला कळली, जी पांघरुणात राहून कधीच कळली नसती. पण पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या काही जणी मोबदल्याच्या आणि हक्कांच्या प्रश्नावरून कोर्टात गेल्या. भिंतीवर गेलेल्या गोधडीचे पैसे कुणाचे, हा प्रश्न भिंतीसोबतच येतो.

त्या गोधड्यांतली एक मला सारखी आठवते. मिझुरी पेटवे या बाईनं नवरा वारल्यावर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची शिवलेली. गुडघ्यावर विटलेले पँटचे पाय, उन्हानं उडालेले सदरे. नवऱ्याची आठवण ठेवायची आणि ती पांघरायची, दोन्ही एकाच गोधडीनं. आठवण एकीकडं आणि वापर दुसरीकडं, अशी वाटणी तिनं केलीच नव्हती. आपल्याकडं गेलेल्या माणसाचे कपडे घराबाहेर काढायची घाई असते, आणि तरी त्यातलं एखादं धोतर गुपचूप गोधडीत जातं. आमच्या गोधडीतलं धोतरही कुणाचं तरी आहे.

इथं मराठी लेखनाकडं परत येते. आपल्याला ठिगळाचं कौतुक करता येतं, पण माणूस बघून. गाडगेबाबांच्या ठिगळांच्या कपड्यांवरून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि त्या ठिगळांना आपण हात जोडतो. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं, शेताच्या बांधांसारखी त्याची रचना असते, तेही आदराचं. कारण ते ठिगळ स्वीकारलेलं आहे, सोडता येण्यासारखं असूनही घेतलेलं. दंड घातलेलं लुगडं नेसून रोजगाराला जाणाऱ्या बाईचं ठिगळ मात्र लपवण्याचं असतं. लुगडं मध्ये विरलं की तिथून कापून चांगल्या बाजू एकमेकींना जोडायच्या, याला दंड घालणं म्हणतात. हे बारीक कसबाचं काम आहे. पण ते ज्या घरात झालं तिथं कुणी त्याला कला म्हटलं नाही, ती अडचण होती. गोधडीची ऊब कवितेत आली ती बहुतेक वेळा अशा माणसाच्या हातून, ज्याला आता दंड घातलेलं काही नेसावं लागत नाही. म्हणून त्या कवितेत थंडी असते, पण टंचाई नसते.

याच्या उलट उदाहरणही मराठीतच आहे. उर्मिला पवारांच्या आत्मकथेचं नाव ‘आयदान’. २००३ मध्ये आलेलं हे पुस्तक. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं-टोपल्या. नवरा गेल्यावर लेखिकेच्या आईनं ती विणून संसार चालवला. पवार आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांचं नातं सांगतात तेव्हा तिथं ऊब वगैरे काही नसतं. तिथं बसून बसून केलेलं काम आहे आणि ते विकून आलेले पैसे आहेत. आईचं काम रूपक होण्याआधी काम म्हणून पुस्तकात येतं. त्यामुळं पुढं ते रूपक झालं तरी पोकळ वाटत नाही.

आणखी मागं जायचं तर आमच्या जिल्ह्यातच जावं लागेल. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नरसीचं नाव घेते ती नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेव शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात त्यांनी शिंप्याची सगळी हत्यारं भक्तीला लावली आहेत. गज येतो, कात्री येते, सुई येते, धागा येतो. कापड मापलं जातं, कापलं जातं, रंगवलं जातं, शिवलं जातं. आध्यात्मिक पद आहे, पण ते वाचून शिंप्याच्या दुकानात काय चालतं हे कळतं. त्यात क्रियापदं आहेत. आजच्या गोधडीच्या कवितेत भावना खूप आहेत आणि क्रियापदं थोडी. गोधडी ‘असते’, ‘आठवते’, ‘बिलगते’. तिला कुणी अंथरत नाही, ताणत नाही, टाचत नाही, उसवत नाही, धुऊन वाळत घालत नाही. दसरा काढताना घराघरातल्या वाकळा धुवायला निघतात. ओली वाकळ एकटीला उचलत नाही, पिळायला दोन बायका लागतात. तेवढं वजनसुद्धा कवितेत येत नाही.

माझी तक्रार हळवेपणाबद्दल नाही. गोधडीबद्दल हळवं व्हायला माणसाकडं भरपूर कारणं असतात. तक्रार अशी आहे की या हळवेपणानं काम पुसून टाकलं. काम पुसलं की ते करणारी बाई फक्त ‘माया’ उरते. मायेला डोळे दुखत नाहीत, तिच्या बोटाला सुई टोचत नाही, तिला कुणी शिकवलेलं नसतं आणि तिनं कुणाला शिकवायची गरजही नसते. म्हणून ती गेली की तिचं सगळं सोबत जातं, आणि आपण तिच्यावर आणखी एक कविता लिहितो.

आमच्या गोधडीचा प्रश्न शेवटी कापडावर येऊन अडला. आई म्हणाली वरून लुगडं घालू, पण घरात लुगडंच नव्हतं. कपाटातल्या साड्या बहुतेक सगळ्या सिंथेटिक. त्या विरत नाहीत, वर्षानुवर्षं नव्या दिसतात. गोधडीला मात्र विरलेलंच कापड लागतं. खूप धुतलेला सुती कपडा मऊ पडतो, सुई त्यातून अडखळत नाही, घाम टिपला जातो, थरांमध्ये हवा राहते. सिंथेटिक साडी निसरडी. खालच्या सुती थरावर ती सरकते, टाका ओढला की चुण्या पडतात, आणि उन्हाळ्यात पांघरली की अंग चिकट होतं.

कोरं सुती कापडही थेट चालत नाही. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि आटताना शेजारचं जुनं कापड ओढून फाडतं. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, हे येशूच्या दृष्टांतातही येतं; शिवणाऱ्या बायकांना ते जगभर माहीत असणार. ठिगळ नेहमी फाटक्या कापडाच्या वयाचं शोधावं लागतं. माझ्या वयाच्या घरांमध्ये असं वयस्कर सुती कापड फारसं उरलेलं नाही. गोधडीची साखळी आपण शहरात गेलो म्हणून तुटते असं आपण लिहितो. आमच्या घरी ती गावातल्या कपाटात तुटली होती.

शेवटी आजोबांची दोन धोतरं ट्रंकेच्या तळाशी सापडली आणि एक जुनी सुती चादर. चादर खालच्या अंगाला गेली. धोतरं जोडून वरच्या अंगाला. पांढऱ्या धोतराखाली आजीचं हिरवं लुगडं पूर्ण झाकलं गेलं. मी एकच अट घातली होती, उशाकडच्या एका कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवायची. आईनं ती ठेवली नाही. उघडा काठ पहिल्यांदा तिथूनच विरेल, हे तिचं कारण. कारण बरोबर होतं आणि मला ते आवडलं नाही. दोन्ही गोष्टी अजून तशाच आहेत. जतन करताना काहीतरी गमवावं लागतं, हे कुठल्याही पद्धतीला चुकत नाही. संग्रहालयवाला झोप गमावतो, आई हिरवा रंग.

आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मी ओवून देत होते, दहा-दहा सुया एकदम, उशीत खोचून. मग तिच्यासमोरच्या बाजूनं मीही टाके घालायला लागले. माझी ओळ तिच्या ओळीपेक्षा वेगळी दिसते. टाक्यांवरून बाई ओळखू येते असं आजी म्हणायची. हस्ताक्षरावरून ओळखतो तसंच. पुढं कधी कुणी हा कोपरा उसवलाच, तर त्याला चार जणींची अक्षरं सापडतील. वाचता येतील की नाही, ते त्याला टाका घालता येतो की नाही यावर ठरेल.

‘एव्हरीडे यूज’च्या शेवटी डीची गाडी निघून जाते आणि आई-मॅगी अंगणात बसून राहतात, झोपायची वेळ होईपर्यंत. वॉकर तिथंच थांबते. त्या रात्री मॅगीनं कुठली गोधडी घेतली हे ती सांगत नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं, पण त्याहून जास्त हे, की दहा वर्षांनी त्या गोधडीला पहिलं ठिगळ कशाचं लागलं, आणि तेव्हा मॅगीजवळ सुई ओवून द्यायला कोण बसलं होतं. ती कथा कुणी लिहिलेली मला माहीत नाही. मराठीत लिहायची तर सामग्री घरोघरी पडून आहे. तुमच्या घरी गोधडी असेल तर तिला शेवटचा टाका कुणी घातला आणि कोणत्या साली, एवढं विचारून बघा. उत्तर देणारं माणूस अजून घरात असेल तर पुढचा प्रश्नही विचारा, टाका कसा घालतात तो.